भाग ३४ : बुलेटची तुटलेली फिन, बिडाचं सिलिंडर आणि एक आळशी वायू

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे हेडफोन घरी विसरून बसमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी हा लिखित अवतार. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे' जमतील तेवढे कापलेत.

आजचा भाग एका आवाजापासून सुरू होतो. टक्. एवढाच. मोठा नाही, काही धडाम वगैरे नाही. चहाच्या कपाचा कान तुटतो ना, तसा.

झालं असं की गेल्या दिवाळीत मी कोल्हापूरला घरी गेलो होतो आणि बाबांची बुलेट उघडायचं डोक्यात घेतलं. १९८९ ची गाडी. धूर मारत होती, म्हणजे रिंगा गेलेल्या. मी बीटेक मेकॅनिकल. प्लेसमेंट सॉफ्टवेअरमध्ये झालं आणि गेली सहा वर्षं मी पुण्यात बसून कोड लिहितोय, पण डिग्री मेकॅनिकलची आहे, आणि सोबतीला तीन व्हिडिओ बघितलेले. आणखी काय पाहिजे? टाकी काढली, कार्ब्युरेटर काढला, हेडचे नट काढले. हेड काही सिलिंडरपासून सुटेना. पस्तीस वर्षं एकमेकांना चिकटून बसलेले दोन धातू, ते माझ्यासाठी का सुटतील? मग मी मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, हेडच्या आणि सिलिंडरच्या पट्ट्यांमध्ये घातला आणि दाबला.

टक्.

सिलिंडरची सगळ्यात वरची फिन. दोन बोटं रुंद तुकडा माझ्या पायाशी पडला. बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, तुकड्याकडं बघितलं, परत पेपर वर केला. एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं.

तर आजचा विषय हाच. त्या पट्ट्या आल्या कुठून, तुटतात का, आणि तुटल्यावर जोडायची विद्या कुणी शोधली. इतिहासाचा भाग आहे, घाबरू नका, मेकॅनिकलचं लेक्चर होणार नाही. फार होणार नाही.

आधी साधी गोष्ट. इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा आतल्या वायूचं तापमान दोन हजार अंशांच्या पुढं जातं. त्या उष्णतेचा मोठा भाग चाक फिरवायला येतच नाही. काही सायलेन्सरमधून जातो, काही सिलिंडरच्या भिंतीत शिरतो. भिंतीतला बाहेर काढला नाही तर तेल करपतं, पिस्टन फुगतो आणि गाडी 'सीझ' होते. उष्णता हवेला द्यायची तर हवेला टेकणारी जागा वाढवावी लागते. फिन म्हणजे तेवढंच. बशीत ओतलेला चहा लवकर निवतो, तोच हिशोब लोखंडात ओतलेला.

आता गंमत ऐका. आपल्याला वाटतं की आधी एअर कूल्ड गाड्या होत्या आणि लिक्विड कूलिंग ही नवी, महागडी भानगड. तर विक्रीसाठी कारखान्यात तयार झालेली जगातली पहिली मोटरसायकल, म्युनिकची हिल्डेब्रांड उंट वोल्फम्युलर, साल १८९४, ती पाण्यानं थंड होणारी होती! जवळपास दीड लिटरचं इंजिन, ताकद जेमतेम अडीच हॉर्सपॉवर, आणि पाण्याची टाकी कुठं? मागच्या चाकावरच्या मडगार्डमध्ये. मडगार्डच पाण्याचं. १८९७ पर्यंत कंपनी बंद पडली.

गाडीवर पाणी वागवणं म्हणजे वजन, गळती, आणि युरोपातल्या थंडीत गोठण्याची भीती. दुचाकीला हे ओझं कोण देणार? उत्तर फ्रान्समधून आलं. द दियाँ-बूतों नावाच्या कंपनीनं १८९५ च्या सुमारास तीनचाकी सायकलला लावायला एक छोटंसं इंजिन काढलं. दीडशे सीसीपेक्षाही कमी, पण त्या काळच्या मानानं भलतंच वेगात फिरणारं. सिलिंडरभोवती पट्ट्या, पाणी नाही, पंप नाही. हे इंजिन इतकं चाललं की बऱ्याच देशांत लोकांनी ते विकत घेतलं, परवान्यानं बनवलं किंवा सरळ नक्कल केली. सुरुवातीच्या कितीतरी मोटरसायकली याच्यावर किंवा याच्या नकलेवर उभ्या राहिल्या. आज तुमच्या स्प्लेंडरला ज्या पट्ट्या दिसतात, त्यांची खापरपणजी ही.

पण पट्ट्या लावल्या म्हणून काम झालं असं नव्हतं. हवा तिथं पोचली पाहिजे. गाडी सिग्नलला उभी असेल तर? दोन सिलिंडर पुढं-मागं असतील तर मागच्याला पुढच्याची गरम झालेली हवाच मिळणार. यावर लोकांनी काय काय केलं! विमानाच्या दुनियेत फ्रान्सच्या सेगँ बंधूंनी 'नोम' इंजिन काढलं, त्यात क्रँकशाफ्ट स्थिर आणि सातही सिलिंडर गरगर फिरणार. हवा इंजिनाकडं येत नाही ना, मग इंजिनच हवेत फिरवा. १९२० च्या दशकात म्युनिकच्या मेगोला मोटरसायकलनं तर असं पाच सिलिंडरांचं फिरतं इंजिन पुढच्या चाकात बसवलं. याला मी जुगाड म्हणणार होतो, पण जुगाड स्वस्त असतो. त्यापेक्षा बीएमडब्ल्यूनं १९२३ मध्ये आर-३२ गाडीत केलं ते शहाणपणाचं: दोन सिलिंडर डावीकडं-उजवीकडं बाहेर काढले, दोघांनाही ताजा वारा. शंभर वर्षं झाली, ती रचना अजून चालू आहे.

या सगळ्यात फिनचं गणित मात्र बराच काळ अंदाजपंचेच होतं. किती लांब, किती जाड, किती अंतरावर? लांब केली तर टोकापर्यंत उष्णता पोचतच नाही आणि तो भाग नुसता वजन म्हणून राहतो. जवळजवळ ठेवल्या तर मधून हवा जात नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात गिब्सन आणि हेरॉन या दोघांनी यावर पद्धतशीर प्रयोग केले आणि ॲल्युमिनियमचं हेड, आत पोलादी स्लीव्ह, ही वाट पक्की केली. हेरॉन पुढं अमेरिकेत गेला. त्याच्या कामातून सुधारत गेलेल्या घराण्यातलं एक इंजिन १९२७ मध्ये लिंडबर्गला अटलांटिकपार घेऊन गेलं. हवेवर थंड होणारं इंजिन, साडेतेहतीस तास न थांबता. आणि १९२२ मध्ये अमेरिकेत हार्पर आणि ब्राउन यांनी फिनमधल्या उष्णतेची समीकरणं मांडली. ती अहवालाच्या रूपात काढली 'नाका' या संस्थेनं. टोलनाका नाही, नासाची आई. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या हीट ट्रान्सफरच्या पेपरात जे फिनचं गणित यायचं आणि जे मी ऑप्शनला टाकायचो, ते यांचंच देणं.

आता परत ओट्यावर या. तुकडा माझ्या हातात. मी काय केलं? इंजिनिअर माणूस, मी मोबाईलवर हिशोब केला. तुटलेल्या तुकड्याचं क्षेत्रफळ भागिले सगळ्या पट्ट्यांचं क्षेत्रफळ. एक टक्कासुद्धा नाही! उड्या मारत बाबांना सांगितलं की कूलिंगला काही फरक पडत नाही, अशीच चालवू. बाबा म्हणाले, "चल, गाडीत घाल ते." गाडीत म्हणजे त्यांच्या कारमध्ये. सिलिंडर पोत्यात गुंडाळलं आणि आम्ही उद्यमनगरला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शिवाजी उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरच्या मधोमध असलेला वर्कशॉपांचा मोहल्ला. लेथ, फाउंड्री, गिअर कटिंग, सगळं एका हाकेच्या अंतरावर. या भागातल्या ओतकामाची परंपरा मोठी आहे. पलीकडं कुंडलजवळ १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगराच्या जिवावर. पुढं कोल्हापुरात ऑइल इंजिनं आणि त्यांची ओतीव कामं वाढली. धातू ओतणं, तो फुटणं आणि फुटलेला जोडणं, तिन्ही गोष्टी इथं पिढ्यान्पिढ्या चालत आल्यात.

बाबांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, साठीच्या पुढचे. त्यांनी सिलिंडर उलटं-पालटं केलं, तुटलेल्या जागी नख फिरवलं आणि मला विचारलं, "स्क्रूड्रायव्हरनं उचकटलंस न्हवं?"

मी गप्प.

"समदी तसंच करत्यात. लाकडी हातोड्यानं कडंनं टकाटका मारायचं असतंय. निघतंय आपसूक."

मी माझा एक टक्क्याचा हिशोब त्यांना सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग सिलिंडर कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यानं धुवून वाळवलं, तुटलेल्या जागी रॉकेल लावलं, थोडा वेळ थांबून कोरड्या फडक्यानं लख्ख पुसलं आणि वरून खडूची पूड भुरभुरली. दोन मिनिटांत पांढऱ्या पुडीवर एक ओली काळपट रेघ उमटली. केसाएवढी. तुटलेल्या कोपऱ्यापासून निघून सिलिंडरच्या भिंतीच्या दिशेनं सरळ आत.

तडा. फिन तुटली हे नुकसान नव्हतंच. तडा हे नुकसान होतं, आणि माझ्या हिशोबात तो कुठंच नव्हता. इंजिन तापणार, गार होणार, हादरणार, आणि प्रत्येक वेळी ही रेघ थोडी पुढं सरकणार. भिंतीपर्यंत पोचली की सिलिंडर भंगारात.

इथं दोन मिनिटं थांबू. बुलेटचं हे जुनं सिलिंडर बिडाचं असतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आपल्या बिडाच्या तव्याचं. म्हणूनच जुन्या इंजिनाला बुलेटवाले 'सीआय' म्हणतात, कास्ट आयर्न. बिडात कार्बन जास्त असतो आणि तो ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात सगळीकडं पसरलेला असतो. हे पापुद्रे म्हणजे जन्मजात भेगाच समजा. त्यांच्यामुळं बीड घासायला छान, तेल धरून ठेवतं, पिस्टनच्या रिंगा त्यावर वर्षानुवर्षं चालतात. पण त्याच पापुद्र्यांमुळं ते वाकत नाही. वाकायच्या आधी तुटतं. बिडाचा तवा हातातून पडला तर चेपत नाही, दोन तुकडे होतात. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तर आजी का ओरडायची, तेही यातच आलं. एक बाजू आकसते, दुसरी आकसत नाही, आणि मधे तडकतं.

आणि रेघेच्या टोकाला एवढी ताकद कुठून येते? हे गणित पुन्हा फार्नबरोचंच. तिथं ग्रिफिथ नावाच्या इंजिनिअरनं काचेवर प्रयोग करून १९२० च्या सुमारास दाखवून दिलं की तडा जितका लांब, तितका कमी ताण त्याला पुढं सरकायला पुरतो. टोक जितकं अणकुचीदार तितका ताण तिथं एकवटतो, हे त्याच्या आधीच माहीत झालं होतं. म्हणून तड्याच्या टोकाला बारीक गोल भोक पाडतात. अणकुचीदार टोक गेलं, गोल कडा आली, ताण पसरला. मिस्त्रींनी ग्रिफिथचं नाव कधी ऐकलं नसणार. पण त्यांनी खडूच्या रेघेचं टोक शोधलं, पंचनं खूण केली आणि ड्रिलला बारीक बिट लावला.

त्याआधी मात्र त्यांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, नवं सिलिंडर मिळतंय बाजारात. हे गरम करताना फुटलं तर मला बोलायचं न्हाई."

हे खरं होतं. मलाही तेच वाटत होतं: नवं घ्या, पैसे मी देतो, विषय संपवा. बाबा थोडा वेळ त्या सिलिंडरकडं बघत राहिले. ही गाडी त्यांनी नोकरीच्या पाचव्या वर्षी कर्ज काढून घेतली होती. आईला दवाखान्यात याच गाडीवरून नेलं, मी जन्मलो त्या रात्री. हे मला माहीत होतं, पण ते काही बोलले नाहीत यातलं. एवढंच म्हणाले, "जोडून बघा."

बिडाला वेल्डिंग करणं अवघड. वितळवून जोडायला गेलं तर जोडाजवळचं बीड पटकन गार होऊन काचेसारखं कडक होतं आणि शेजारीच परत तडकतं. म्हणून जुनी वाट म्हणजे पितळेनं जोडायचं, ब्रेझिंग. पितळेची काडी साधारण नऊशे अंशांना वितळते, बिडाला वितळायला साडेअकराशेच्या वर लागतात. म्हणजे बीड घट्टच राहतं आणि पितळ त्याला भिजवून चिकटतं. सोनार डाग देतो तेच तत्त्व. फ्लक्स पण सोनाराचाच, टाकणखार. तो वितळून जागेवरचा गंज आणि ऑक्साइड धुऊन काढतो, नाहीतर पितळ पाण्यासारखं गोळा होऊन घरंगळतं.

मिस्त्रींनी तुटलेल्या दोन्ही कडा ग्राइंडरनं तिरक्या केल्या, म्हणजे मधे इंग्रजी व्ही सारखी खाच होते. मग आख्खं सिलिंडर कोळशाच्या भट्टीत ठेवलं. नुसती फिन तापवायची नाही, सगळं अंग एकसारखं तापवायचं, मगाशी सांगितलं ते तव्यासारखं होऊ नये म्हणून. तासभर गेला. मग गॅसची ज्योत, काडी टाकणखारात बुडवून जोडावर धरली, आणि ती पिवळी धार त्या खाचेत अशी ओढली गेली की जणू तिला रस्ता माहीत होता. तीन-चार मिनिटांचं काम. त्यानंतर त्यांनी सिलिंडर चुन्याच्या पुडीनं भरलेल्या डब्यात पुरलं, वर पत्रा झाकला आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळी या. आधी उघडायचं न्हाई."

कारण खरी भीती आत्ता होती. गार होताना. टक् आवाज आला तर डब्यातच येणार होता.

त्या डब्यापासून लक्ष काढायला मी दुकानात हिंडत होतो. शेजारच्या टेबलावर आर्गन वेल्डिंग चालू होतं. 'येथे आर्गन वेल्डिंग करून मिळेल' ही पाटी तुम्ही प्रत्येक गावात वाचली असेल. तिथं कुणाच्या तरी आरएक्स-१०० चं हेड होतं, ॲल्युमिनियमचं, त्याचीही फिन गेलेली. म्हणजे एकाच दुकानात एकाच दुखण्याचे दोन पेशंट, आणि दोघांचं औषध वेगळं. माझ्या बाबांच्या बुलेटला तर दोन्ही औषधं लागू पडतात, सिलिंडर बिडाचं आणि हेड ॲल्युमिनियमचं.

ॲल्युमिनियम उष्णता बिडापेक्षा दुपटी-तिपटीनं लवकर वाहून नेतं आणि वजनाला निम्म्याहूनही हलकं. फिनसाठी याहून चांगलं काय? १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांनी एकमेकांचा पत्ता नसताना विजेनं ॲल्युमिनियम वेगळं करायची एकच पद्धत शोधली. दोघं एकाच वर्षी जन्मले, १८६३, आणि एकाच वर्षी गेले, १९१४. त्यानंतर हा धातू स्वस्त झाला. पण जोडायला गेलं की डोकं धरायची पाळी. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. हवेत त्याच्यावर क्षणात ऑक्साइडची पातळ साय धरते, आणि ही साय वितळायला दोन हजारांच्या वर लागतात. माणिक आणि नीलम त्याच ऑक्साइडचे बनलेले असतात, आता बोला! म्हणजे सायीखाली दूध उकळून जाईल तरी साय जागची हलणार नाही. वर हा धातू तापला तरी लाल होत नाही. चकचकीत दिसता दिसता अचानक खाली बसतो. जुने कारागीर त्यावर ॲसिटिलीनच्या धुरकट ज्योतीनं आधी काजळी धरायचे. तापवताना काजळी जळून गेली की समजायचं, अंग पुरेसं तापलंय. थर्मामीटर काजळीचा!

साय काढायला क्षारांचा तिखट फ्लक्स वापरायचे. तो साय खायचा, पण धुवायचा राहिला तर नंतर धातूलाही खायचा. हवा आतच येऊ दिली नाही तर, हा विचार जुना होता, पण तो कारखान्यात चालणारा झाला दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीला मॅग्नेशियमचं लढाऊ विमान वेल्डिंगनं बांधायचं होतं, आणि मॅग्नेशियम हवेत तापवलं तर पेटतं. तिथल्या रसेल मेरेडिथनं न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकातून ठिणगी काढली आणि भोवती हेलियम वायूचा झोत सोडला. हेलियम कशाशीच भांडत नाही, त्यामुळं आग नाही, ऑक्साइड नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि पद्धतीचं नाव पडलं हेलिआर्क. पुढं एसी करंट वापरला तेव्हा ॲल्युमिनियमची सायही सुटली: अर्ध्या आवर्तनात करंट साय फोडतो, उरलेल्या अर्ध्यात धातू वितळवतो. ते विमान मात्र चाललं नाही, दोनच नमुने बनले. त्याचं नाव ऐकाल? एक्सपी-५६ ब्लॅक बुलेट. मी हे बनवून सांगत नाहीये.

हेलियमवरून एक आडवाट. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण आपल्या देशातून दिसलं. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन दुर्बीण लावून बसला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरनं सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेघ पाहिली आणि तिच्यातून हेलियम हे नाव आलं. कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि हेलियम तिथंच सापडला असं सांगतात. तर खरं असं, की लॉकियर विजयदुर्गला आला होता, नक्की आला होता, पण जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तीस वर्षं उशिरा. ओटे बघायला जरूर जा, फक्त साल नीट सांगा. (यावर मागं मालवणच्या एका श्रोत्यानं माझी चांगलीच हजेरी घेतली होती. दादा, मी अजून माझ्या मतावर ठाम आहे.)

हेलियम महाग, म्हणून पुढं काम आर्गनवर आलं. तोही कुणाशी संयोग न करणारा, १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्से यांनी शोधलेला. ग्रीकमध्ये नावाचा अर्थच आळशी. आणि तो कुठं मिळतो? हवेत. तुमच्या प्रत्येक श्वासात जवळजवळ एक टक्का आर्गन असतो. अख्खी हवा बाहेर ठेवायला हवेतलाच आळशी एक टक्का कामाला लावायचा. आरएक्सच्या त्या हेडवर पोऱ्या हेच करत होता. भंगारातल्या हेडच्या फिनचा तुकडा मापानं कापलेला, खाली तांब्याची पट्टी आधाराला, हेड आधी भट्टीत गरम केलेलं. तरी मधेच काळे फोड यायला लागले. जुन्या ओतकामाच्या छिद्रांत मुरलेलं तेल वर येत होतं. त्यानं शिवी घातली, सगळं खरडून काढलं, स्टीलच्या ब्रशनं घासलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. माझं प्रॉडक्शनवर काही फुटलं की मी एक बटण दाबून मागच्या आवृत्तीवर जातो. इथं तसं बटण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा उघडला. मिस्त्रींनी चुना झटकला, सिलिंडर दोरीला टांगलं आणि स्पॅनरनं हळूच वाजवलं. टण्ण. लांब, स्वच्छ आवाज. मडकं घेताना बायका वाजवून बघतात तसा. तडा असता तर बद्द वाजलं असतं. मग परत रॉकेल, परत खडू. रेघ आली नाही.

तापवल्यानं बोअर जरासा वाकडा होतोच, पण रिंगा गेल्यामुळं रिबोअर करायचंच होतं. म्हणून क्रम आधी फिन, मग बोअर. उलट केलं असतं तर दोनदा खर्च. मग ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, आणि जोडावर कानस. जोडाची पितळी रेघ काळ्या फिनवर चांगली उठून दिसत होती. मिस्त्री म्हणाले, वरून उष्णता सोसणारा काळा रंग मारा, कुणाला कळणार नाही.

आता थोडं आजचं. २०१८ मध्ये जावा नव्यानं बाजारात आली. इंजिन लिक्विड कूल्ड, पुढं रेडिएटर. पण सिलिंडरवर पट्ट्या आहेतच. ट्रायम्फच्या बॉनव्हिलनं २०१६ पासून तेच केलंय. पाणी आपलं काम करतंय, आणि पट्ट्या मुख्यतः आपल्या डोळ्यांसाठी, कारण पट्ट्या नसलेलं इंजिन आपल्याला मोटरसायकलचं वाटतच नाही. मडगार्डात पाणी भरून निघालेली गाडी सव्वाशे वर्षांनी परत पाण्यावर आली, पण हवेची निशाणी सोडवत नाही. यात मला हसू येतं, आणि मलाही पट्ट्यांचंच इंजिन आवडतं, हेही खरं. रॉयल एनफिल्डनं १९५५ मध्ये मद्रासमध्ये सुरू केलेलं बिडाचं इंजिन २०१० च्या आसपास थांबलं. इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडून तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.

इंजिन जोडलं भाऊबीजेच्या दिवशी. हेडचे नट बाबांनी स्वतः आवळले, तिरपे-तिरपे, थोडे-थोडे. मला पाना हातात दिला नाही. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. धूर नाही. मी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आलो, ती पितळेची रेघ झाकायला.

बाबा म्हणाले, "राहू दे ती."

आणि मोठा स्क्रूड्रायव्हर त्यांनी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला.

पुढच्या भागात भेटू. तुमच्याकडं कुणी जुनं ओतकाम जोडणारं माहितीत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, आणि त्यांना विचारून पाठवा.